डावा कार्ब्युरेटर आणि माझी अंगाई

त्या शनिवारी सकाळी मी ठरवलं की सासऱ्यांच्या मोटरसायकलचे कार्ब्युरेटर आपणच ट्यून करायचे. ठरवायला मला दीड मिनिट लागलं. (पाळण्याचा रंग ठरवायला पाच आठवडे लागले होते. यावरून माझ्या स्वभावाचा अंदाज यावा. जिथे घाबरायला हवं तिथे मी घाबरत नाही आणि बाकी सगळीकडे घाबरते.)

कारण अगदी सरळ होतं. बरोबर नऊ दिवसांनी, सोमवारी, माझी रजा संपत होती. बाळंतपणाची रजा, तिला जोडलेली हक्काची रजा, तिला चिकटवलेली बिनपगारी रजा, असं ठिगळं लावून लावून मी दहा महिने काढले होते. आता कॉलेजातून फोन आला होता की प्रयोगशाळेतली मुलं माझ्याशिवाय लंबक मोजताहेत आणि त्यांचं गुरुत्वाकर्षण चंद्रावरचं येतंय. मी फिजिक्सची प्रात्यक्षिकं घेते. मला जाणं भाग होतं आणि, खरं सांगायचं तर, जायचंही होतं.

घरी राहणार होत्या आमच्या मॅडम. वय दहा महिने. नाव आम्ही चांगलं तीन अक्षरी ठेवलंय, पण ते कुणी वापरत नाही. चमचा खाली टाकून त्या ज्या नजरेनं आपल्याकडे बघतात, ती एकदा पाहिली की तोंडातून आपोआप 'मॅडम'च येतं. दिवसभर त्यांना सांभाळणार होते बाबा, म्हणजे माझे सासरे. अडतीस वर्षं छापखान्यात मशीनवर काढलेला माणूस. नात सांभाळायला मी तयार आहे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण ही सगळी योजना एका खिळ्यावर टांगलेली होती. तो खिळा म्हणजे दुपारी तीनची झोप. मॅडम तीनला झोपल्या की पाचला हसत उठतात आणि बाबांना दोन तास पाठ टेकता येते. तीनची झोप चुकली की चारला जे रडणं सुरू होतं, ते मी घरी असतानासुद्धा आवरत नाही. सत्तरीच्या माणसाच्या गळ्यात ते बांधून मी लंबक मोजत बसले असते तर मला झोके दिसले नसते, मॅडमच दिसल्या असत्या. तीनची झोप टिकली तर नोकरी, नाहीतर राजीनामा, असं मी नवऱ्याला स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

आणि तीनची झोप उभी होती माझ्या अंगाईवर.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्याकडे वही आहे. मॅडम तीन महिन्यांच्या होत्या तेव्हापासून मी तिच्यात रोजच्या नोंदी ठेवते. झोपायला घेतल्याची वेळ, झोपल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. सात महिन्यांची सरासरी होती सात मिनिटं. अंगाई माझ्या आजीकडून आलेली. तिच्या तीन ओळी मला आठवतात, चौथी मी दरवेळी नव्यानं जुळवते. माझा आवाज गोड आहे असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. शाळेत समूहगानात मला मागच्या रांगेत उभं करायचे आणि नुसते ओठ हलव म्हणायचे. पण श्रोता झोपी जाणं हेच जिथे यश, असा एकच गानप्रकार जगात आहे आणि तो मला साधला होता, याचा मला फार अभिमान होता.

फक्त एक अडचण होती. बाबांची मोटरसायकल.

ती माझ्याहून वयानं मोठी आहे. दोन सिलिंडर, त्यांना हवा आणि पेट्रोल मिसळून देणारे दोन कार्ब्युरेटर, टाकीवर एक जुना पोचा आणि त्यावर बाबांनी हातानं मारलेला रंग. आता ते ती फारशी चालवत नाहीत, पण गाडी नुसती उभी राहिली की आजारी पडते, म्हणून रोज अंगणात पंधरा मिनिटं सुरू ठेवतात. आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. दुपारी बरोबर तीनला.

आता तुम्हीच सांगा, मी बाळाला झोपवायला घेणार आणि त्याच क्षणी खिडकीखाली सुरू होणार. ढग-ढग-ढग… फुस्. ढग-ढग-ढग… फुस्. चौथ्या ठोक्याला डावा सिलिंडर दम खायचा, जिना चढताना म्हाताऱ्यानं कठड्याला धरून थांबावं तसा. खिडकी बंद केली तरी काच थरथरायची. या गोंगाटावर माझी अंगाई पोचवायला मला अक्षरशः ओरडून गावं लागे. बाबांना सांगवत नव्हतं. गाडी ते खूप काळजीनं लावायचे, धुराचं तोंड गल्लीकडे करून. पण मी कामावर गेल्यावर या आवाजावर मात करून गाणार कोण? मी गुरुवारी फोनवर अंगाई रेकॉर्ड करून ठेवली होती खरी, पण फोनचा आवाज तो केवढा. तेव्हा एकच उपाय होता: गाडीचा आवाज कमी करायचा.

बाबा शुक्रवारी झोपेची वेळ उरकून दोन दिवसांसाठी मित्राच्या गावी गेले आणि मला मोकळं रान मिळालं.

"तुला येतं का ते?" नवऱ्यानं विचारलं. मॅडम त्याच्या कडेवर होत्या आणि त्याचा चष्मा खात होत्या.

"दोन कार्ब्युरेटर सारखी ओढ घेत नाहीत, एवढंच आहे ते. ओढ मोजायची आणि सारखी करायची. हवेचा दाब माझ्या रोजच्या शिकवण्यातला आहे."

"तू मिक्सरचं झाकण लावताना मला बोलावतेस."

"मिक्सरला दाब नसतो. धाक असतो."

इंजिनाबद्दल त्याचं ज्ञान असं, की गाडीत पेट्रोल कुठून घालतात हे त्याला माहीत आहे आणि का घालतात हे तो विचारत नाही.

बाबांच्या हत्यारांच्या पेटीत मला तळाशी फडक्यात गुंडाळलेल्या दोन पितळी तोट्या सापडल्या. प्रत्येक कार्ब्युरेटरच्या गळ्याशी एक बारीकसा बंद स्क्रू असतो. तो काढून तिथे या तोट्या बसवायच्या, दोन्हींना पारदर्शक नळ्या लावायच्या, नळ्या खाली एकमेकींना जोडायच्या आणि मधे तेल भरायचं. इंजिन सुरू केलं की जो कार्ब्युरेटर जास्त ओढतो त्याच्या बाजूला तेल चढतं. स्क्रू फिरवत फिरवत दोन्हीकडचं तेल एका पातळीत आणायचं. किती सुंदर, किती स्वच्छ पद्धत. (या तोट्या पेटीत आल्या कशा, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.)

पारदर्शक नळ्या घरात एकाच वस्तूला होत्या. मी कामावर जायचं म्हणून नुकताच घेतलेला दूध काढायचा पंप. दोन नळ्या, सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या. जणू कार्ब्युरेटरसाठीच बनवलेल्या. तेल घ्यायचं तर पातळ आणि स्वच्छ हवं. मी मॅडमच्या मालिशच्या तेलाची बाटली घेतली.

सगळं जोडून झाल्यावर मी गाडीसमोर स्टुलावर बसले. मग उठले, किक मारली. सहाव्या किकला गाडी सुरू झाली आणि मी धावत पुन्हा स्टुलावर. नळीतलं तेल थरथरलं आणि एका बाजूला सरकायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला खिडकीतून बोलावलं.

"बघ, डाव्या बाजूला चढतंय. म्हणजे डावा जास्त ओढतोय. आता मी डाव्याचा स्क्रू फिरवते."

आणि फिरवला.

गाडीचं डावं म्हणजे गाडीवर बसणाऱ्याचं डावं. मी गाडीसमोर बसले होते. दहा वर्षं मी मुलांना सांगत आले आहे की आधी आपण कुठे उभे आहोत ते ठरवा. मी ज्याला डावा म्हणत होते त्याच्यावर तेल चढत होतं, आणि हात माझा गेला होता दुरुस्तीच्या पुस्तकात वाचलेल्या डाव्याकडे, म्हणजे पलीकडच्या. तेल थांबायच्या ऐवजी जोरात चढलं. एका बोटानं, मग चार बोटांनी, मग एक बारीक घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि नळी रिकामी.

मालिशचं तेल इंजिनानं प्यायलं होतं.

पुढचं अर्धं मिनिट काहीच झालं नाही. मग मागच्या नळकांड्यातून धूर आला. मी धूर पाहिलेला आहे, पण असा नाही. पांढराशुभ्र, घट्ट, शांत, ढग जमिनीवर उतरावा तसा. तो आधी अंगणात भरला, मग गल्लीत गेला. आणि त्याला वास होता नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचा. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तो वास मी कधी घेतला नव्हता.

"काय जळतंय?" खिडकीतून नवरा.

"काही नाही. तेल."

"कुठलं तेल?"

"खिडकी लाव आधी. तिला आत ने."

"अगं, पण कुठलं तेल?"

वरच्या मजल्यावर वकीलबाई राहतात. त्या बाल्कनीत आल्या, काही दिसेना म्हणून रेलिंगवर वाकल्या आणि धुराला उद्देशून म्हणाल्या, "खाली कुणाचं एवढं मोठं बाळ न्हातंय?"

"मी आहे वकीलबाई. कार्ब्युरेटर ट्यून करतेय."

"बरं बरं. मला वाटलं कपडे वाळत घालू नयेत की काय."

"थोडं थांबा."

"अहो, उलट घालते. छान वास लागेल."

इतर कुणी इथे हात झटकून उठलं असतं. मी उठले नाही. (मॅडमला साधी शिंक आली की मी डॉक्टरांना फोन लावते, पण इंजिन शिंकताना माझं डोकं बर्फासारखं थंड होतं. असं का, हे मलाही कळलेलं नाही.) गाडी बंद केली. स्टूल उचलून गाडीच्या मागच्या बाजूला, बसणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेनं मांडलं. डाव्या हाताला खडूनं 'डा' लिहिलं. नळीत पुन्हा तेल भरलं. दोन्ही स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, आणि तिथून केसाकेसानं पुढे. दुपार झाली, उलटली. तीनला मॅडमना झोपवायला मी हात धुऊन आत गेले, पण त्या धुरानं उत्तेजित झाल्या होत्या, झोपल्या नाहीत. मी वहीत शेरा लिहिला: 'धूर.' आणि परत अंगणात.

पाचच्या सुमारास तेल दोन्ही नळ्यांमध्ये एका रेषेत येऊन उभं राहिलं.

तो आवाज मला शब्दांत सांगता येणार नाही, कारण आवाज जवळजवळ नव्हताच. एक सलग, मऊ गुणगुण. फुस् नाही, थरथर नाही. मी टाकीवर एक नाणं उभं केलं. ते उभं राहिलं. नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ नाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू आता मिक्सरचं झाकणही लावू शकशील."

आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

रविवारी सकाळी बाबा आले. मी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही, थेट अंगणात नेलं आणि किक मारली. दुसऱ्या किकला सुरू. बाबा मान वाकडी करून ऐकत उभे राहिले. छापखान्यात ते असेच उभे राहायचे म्हणे, कुठलं चाक कुरकुरतंय ते ऐकत. त्यांचा चेहरा काही क्षण हरवल्यासारखा झाला.

"छान," ते म्हणाले. "फारच छान जमलंय, सूनबाई." आणि मग जरा थांबून, "आता तीन वाजता बघू."

मला वाटलं त्यांना कौतुकानं भरून आलंय.

तीनला नवऱ्यानं गाडी सुरू केली आणि मी अंगाई. सात महिन्यांत प्रथमच मला ओरडावं लागलं नाही. मंद, मुलायम, प्रत्येक शब्द स्पष्ट. मॅडमनी डोळे मोठे केले आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागल्या. माझा आवाज त्यांना बहुधा पहिल्यांदाच नीट ऐकू येत होता. दुसऱ्या ओळीला त्यांनी भुवया उंचावल्या. चौथ्या ओळीला माझ्या ओठांवर हात ठेवला. मला आधी ती माया वाटली.

सव्वातीन. साडेतीन. चारला रडणं सुरू झालं.

सोमवारी तेच. मंगळवारी तेच. मी दात तपासले, कान तपासले, गादी बदलली, पडदे बदलले, डॉक्टरांना फोन केला. ("झोप येत नाही म्हणजे नक्की कोणाला?" डॉक्टरांनी विचारलं.) अंगाईची पट्टी खाली आणली, वर नेली, लय विलंबित केली. बुधवारी बाबांनी मॅडमना खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटायला लागले. तीन थापट्या आणि एक थांबा, तीन थापट्या आणि एक थांबा. मॅडमचे डोळे मिटायला आले, तर मी "बाबा, असं अडखळत नका थोपटू, दचकेल ती" म्हणून त्यांच्याकडून घेतलं.

गुरुवारी मी राजीनाम्याचं पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्यांदा खोडून लिहीत होते, तेवढ्यात नवरा दारात येऊन म्हणाला, "निदान सोमवारपर्यंत थांब." त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. आमच्या सगळ्यांच्याच होती, मॅडम सोडून.

शुक्रवारी तीनला माझा घसा बसला होता. काही सुचेना म्हणून मी गेल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग लावलं. फोन पाळण्यात ठेवला आणि कपाळाला हात लावून बसले.

दोन मिनिटांत मॅडमनी जांभई दिली.

मी श्वास रोखला. माझाच आवाज, तीच अंगाई, आणि त्या डुलकी घ्यायला लागल्या. म्हणजे माझ्या गाण्यात दोष नव्हता. गेल्या आठवड्यातला माझा आवाज उत्तम होता, या आठवड्यात तो बिघडला होता, एवढंच. डोळे मिटले. मुठी सैल झाल्या. मी विजयानं बाबांकडे पाहिलं. मग रेकॉर्डिंग संपलं आणि आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. सुरुवातीला मी खाकरलेली आहे आणि मोठ्यांदा विचारलंय, "हे लाल बटण दाबलं की सुरू होतं ना?"

मॅडम दचकून उठल्या.

पुन्हा लावलं. पुन्हा झोपायला आल्या. पुन्हा लाल बटण. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी बाबा पाळण्याजवळ येऊन उभे राहिले, मान वाकडी करून. त्यांचं बोट पाळण्याच्या कडेवर पडत होतं. ठक-ठक-ठक… आणि थांबा.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "गाण्याच्या मागे ऐक."

मी फोन कानाला लावला. माझ्या गाण्याच्या मागे, काचेपलीकडून, संथपणे चाललं होतं: ढग-ढग-ढग… फुस्.

माझ्या रेकॉर्डिंगनंच शेवटी शांतता मोडली, लाल बटणाबद्दल विचारून.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

बाबा पाळण्याच्या कडेवरची नसलेली धूळ झटकायला लागले. "ती तीन महिन्यांची असताना, एका दुपारी फार रडत होती. मी खाली गाडीचं काम काढलं होतं, डावा बिघडलेला. सुरू केली तर ही गप्प. म्हटलं, वा. डावा नीट केला तर पुन्हा रडणं. म्हणून परत बिघडवला."

"मुद्दाम?"

"छापखान्यात पुढ्यातल्या मशीनचा एक ठोका चुकू दिला नाही अडतीस वर्षं. आता गल्लीतली माणसं विचारतात, बाबा, गाडी आजारी आहे का. मी सांगतो, वय झालं तिचं." ते जरा हसले. "सोपं नाही बरं का, रोज तेवढीच बिघडलेली ठेवणं. दर चार-आठ दिवसांनी त्या तोट्या लावून बघावं लागतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू इतकी छान गात होतीस." बाबा थांबले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "म्हणजे, मनापासून गात होतीस."

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. सात महिने रोज वेळ मोजली, सरासरी काढली, आणि एकदाही मनात आलं नाही की खोलीत दोन आवाज असताना झोप कुठल्या आवाजानं येते हे आधी तपासावं. पहिल्या वर्षाच्या मुलानं असा प्रयोग लिहून आणला असता तर मी वही परत केली असती.

पण रडायला वेळ नव्हता. सोमवार तीन दिवसांवर होता.

"बाबा, परत बिघडवा."

"मी नाही," बाबा म्हणाले. "तू नीट केलीस, तूच बिघडव. उद्या मी एखाद्या दिवशी आजारी पडलो तर? मी ऐकायला बसतो."

शनिवारी दुपारी अंगणात खुर्ची टाकून बाबा डोळे मिटून बसले. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्टुलावर, स्टूल योग्य बाजूला. बंद खिडकीच्या आत नवरा आरामखुर्चीत, मॅडम त्याच्या छातीवर. आम्ही खुणा ठरवल्या होत्या. डोळे टक्क उघडे असतील तर एक बोट, डोळे चोळले तर दोन, जांभई दिली तर तीन. नाणं, नळ्या, तेल, काहीही नको. मोजायचं यंत्र घरात होतंच, तेही सात महिने बिनचूक चाललेलं.

आणि एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते: गाडी नीट करणं सोपं आहे. नीट ही एकच जागा असते, तेल एका रेषेत आलं की झालं. पण बिघडण्याच्या जागा हजार, आणि मला त्यातली एकच हवी होती.

"डावा हवेचा स्क्रू अर्धा फेरा," बाबा डोळे मिटून म्हणाले.

ढगफुस्-ढगफुस्-ढगफुस्.

"फार झालं. हा खोकला आहे. पाव मागे."

ढग-ढग-ढग-ढग-ढग… फुस्.

खिडकीत एक बोट.

"पाच ठोके झाले. तीन हवेत. आता वरचा स्क्रू. केसभर. केसभर म्हटलं मी, वेणीभर नाही."

"केसभरच फिरवला."

"तुझा केस जाड आहे मग."

ढग-ढग… फुस्. एक बोट. ढग-ढग-ढग-ढग… फुस्. एक बोट. वकीलबाई बाल्कनीत येऊन पाहत होत्या. "काय हो, परवा तर छान चालत होती," त्या म्हणाल्या.

"तेच दुरुस्त करतोय," मी म्हटलं.

माझा हात दुखायला लागला होता, पण भीती कुठेच नव्हती. मी कान देऊन ऐकायला लागले होते, तेल बघून नव्हे, आणि स्क्रूच्या टोकाशी काय घडतंय ते मला मनगटात कळत होतं. एकदा बाबा काही बोलायच्या आत मीच तो पाव फेऱ्याच्या निम्मा मागे घेतला.

ढग-ढग-ढग… फुस्. ढग-ढग-ढग… फुस्.

बाबांनी डोळे उघडले नाहीत, पण खुर्चीच्या हातावरचं त्यांचं बोट चालायला लागलं. खिडकीत दोन बोटं. मग तीन. मग पुन्हा तीन. मग बोटंच दिसेनात.

"काय झालं आत?" मी घाबरून विचारलं.

"जाऊन बघ."

मी खिडकीच्या काचेला नाक लावलं. मॅडम नवऱ्याच्या छातीवर गाढ झोपल्या होत्या, गाल चेपलेला, लाळ शर्टावर. आणि नवरा त्यांच्याआधी झोपलेला असावा, कारण त्याची तीन बोटं अजून तशीच वर होती, फक्त हात मांडीवर पडला होता.

मी नखांचा लाल रंग आणला आणि दोन्ही स्क्रूंच्या डोक्यापासून कार्ब्युरेटरच्या अंगापर्यंत एकेक बारीक रेघ ओढली. आता कुणीही, कधीही, डोळे मिटूनसुद्धा ही गाडी तेवढीच बिघडवू शकेल. राजीनाम्याचं पत्र फाडलं. पंपाला नव्या नळ्या मागवल्या.

सोमवारी मी कामावर गेले. प्रयोगशाळेत वीस लंबक हलत होते आणि माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात. तीन वाजून दहा मिनिटांनी मी खिडकीशी जाऊन फोन लावला.

"झोपली का बाबा?"

"केव्हाच. चार मिनिटांत."

सात महिन्यांत चार मिनिटं कधी झालं नव्हतं. मला भरून आलं. "रेकॉर्डिंग नीट ऐकू आलं ना तिला? लाल बटणाचं मी कापून टाकलंय."

पलीकडे बाबा खाकरले. "अगं, गडबडीत ते लावायचं राहूनच गेलं बघ. उद्या लावतो, आठवणीनं."

त्यांनी खरंच लावलं. आठवडाभर, एक दिवसाआड. मीच तसं करायला सांगितलं, कारण आता निदान प्रयोग तरी रीतसर व्हायला हवा होता. शनिवारी मी वही उघडली. बाबांनी छापखान्यातल्या सुबक अक्षरात सगळे रकाने भरले होते. सोमवार, चार मिनिटं. मंगळवार, सात. बुधवार, चार. गुरुवार, साडेसात. शेऱ्याचा रकाना मात्र त्यांनी एकदाच भरला होता, गुरुवारी:

'गाणं लावलं होतं. तरीही झोपली.'